एआय-लेखन पकडणारी सॉफ्टवेअर्स: विद्यार्थिनीच्या प्रकल्पाला ७८% आलेत. या आकड्यावर कितपत विसंबायचं?

रानजाई | सोमवार, रात्री १०.१२

मंडळी, जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉमर्स शिकवते. एम.कॉम.च्या शेवटच्या सत्राला मुलांना संशोधन प्रकल्प असतो, तोही इंग्रजीत लिहायचा. माझ्याकडच्या एका मुलीने बचत गटातून कर्ज काढून म्हैस घेतलेल्या बायकांची कर्जफेड हा विषय घेतला. पाच गावं, चौसष्ट बायका. प्रत्येकीच्या दारात स्वतः जाऊन प्रश्नावली भरून आणली. ती पानं मी पाहिली आहेत. काहींवर चहाचे डाग आहेत, एकावर धारेच्या ओल्या बोटांचा ठसा आहे. प्रकरणं तिने आधी वहीत लिहिली. ती मी लाल पेनाने तपासली आणि मग बसस्टँडजवळच्या सेंटरवर तिने ती टाइप करून घेतली.

आता कॉलेजने अहवाल काढला. वाङ्मयचौर्य ६%, एआय ७८%.

समितीतले सर म्हणतात, "मॅडम, दोन्ही आकडे दहाच्या आत आणा, मग सही करू." मी वही दाखवली. ते म्हणाले, वही नंतरही लिहिता येते.

मुलगी गेले चार दिवस स्वतःची बरी वाक्यं मोडत बसली आहे. व्याकरण बिघडवलं की टक्का उतरतो, असं तिला कोणीतरी सांगितलंय, आणि खरंच तो थोडा उतरला. हे पाहून माझी झोप उडाली आहे. तीन वर्षं मी तिला काळ आणि क्रियापद जुळवायला शिकवलं.

हे आकडे येतात कशावरून? आणि येत्या सोमवारी समितीपुढे मी काय मांडू?

---

खडीसाखर | सोमवार, रात्री १०.३१

वाचूनच पोटात तुटलं. वाचते आहे.

---

भरतीओहोटी | सोमवार, रात्री ११.०५

रानजाई, मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून आतली गोष्ट जमेल तेवढी सोपी करून सांगतो.

हा मजकूर कोणी लिहिला, हे या सॉफ्टवेअरला कळत नाही. कळायला मार्गच नाही. त्याला फक्त शब्द दिसतात. मग ते करतं काय? एका भाषा-मॉडेलला, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या मजकूर लिहिणाऱ्या यंत्राला, ते विचारतं, "एवढे शब्द वाचल्यावर पुढचा शब्द तुला किती अपेक्षित होता?" 'आई बाळाला कुशीत' एवढं वाचलं की पुढे 'घेते' येणार हे आपणही सांगू. ज्या मजकुरात असे अपेक्षित शब्द सलग येत जातात, त्याची 'पर्प्लेक्सिटी' कमी. दुसरं माप 'बर्स्टिनेस'चं: एक वाक्य तीन शब्दांचं, पुढचं तीस शब्दांचं, असा चढउतार आहे की सगळी वाक्यं एका मापाची आहेत. एडवर्ड टियान या प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्याने जानेवारी २०२३ मध्ये जीपीटीझिरो हे एआय-लेखन ओळखणारं साधन आणलं, तेव्हा ही दोन मापं सगळ्यांच्या तोंडी झाली. त्यानंतरची बरीच साधनं माणसांचे आणि यंत्राचे हजारो नमुने दाखवून शिकवलेली आहेत. तरी तीही शैलीच पाहतात. लिहिणारा हात त्यांनाही दिसत नाही.

आता कॉमर्सचा प्रकल्प डोळ्यासमोर आणा. 'द प्रेझेंट स्टडी इज बेस्ड ऑन प्रायमरी अँड सेकंडरी डेटा.' हे वाक्य ज्यात नाही असा एकतरी प्रकल्प तुम्ही पाहिलाय का? आपणच मुलांना हा साचा देतो. यंत्रानेही असेच अहवाल गिळलेले आहेत. साच्यात लिहिलेलं यंत्रासारखं दिसणारच.

अमेरिकेचं संविधान अशाच साधनांनी एआयने लिहिलेलं ठरवलं होतं. ते संविधान इंटरनेटवर इतक्या ठिकाणी आहे आणि मॉडेलने ते इतक्या वेळा वाचलंय की त्यातला पुढचा प्रत्येक शब्द त्याला पाठ आहे. म्हणून पर्प्लेक्सिटी एकदम खाली.

---

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ७.२०

मी थोडी वेगळी बाजू मांडते, राग मानू नका.

मी नववी-दहावीला मराठी शिकवते. गेल्या वर्षी 'माझा आवडता सण'वर गृहपाठ दिला. अठ्ठावीस वह्यांपैकी अकरा वह्यांत 'सण हा केवळ उत्सव नसून तो आपल्या सांस्कृतिक वारशाचा आरसा आहे' हे वाक्य होतं. जी मुलं बैलपोळ्याला स्वतः बैल रंगवतात, त्यांच्या निबंधात बैलच नव्हता. शिक्षकाने काय करायचं? सगळ्यांना पूर्ण गुण देऊन मोकळं व्हायचं? जी चार मुलं वेडंवाकडं का होईना, स्वतःचं लिहून आणतात, त्यांच्यावर तो अन्याय नाही का?

काहीतरी साधन हवं, एवढंच माझं म्हणणं. आकडा चुकत असेल, पण आकडाच नको म्हणणाऱ्यांनी शिक्षकाच्या खुर्चीत एक दिवस बसावं.

---

रानजाई | मंगळवार, सकाळी ८.०२

पाटीपेन्सिल, राग अजिबात नाही. माझ्याही वर्गात तसे प्रकल्प आलेत. त्यातल्या एका मुलाला विचारलं, नमुना निवड कशी केलीस? त्याला प्रश्नच कळला नाही. त्याचा एआय टक्का किती आला माहितीये? बारा. त्याने यंत्राचा मजकूर माणसाचा वाटेल असा करून देणाऱ्या कुठल्याशा 'माणसाळवणाऱ्या' संकेतस्थळावरून मजकूर फिरवून आणला होता. हे त्यानेच नंतर सांगितलं.

---

बिनभिंतीची शाळा | मंगळवार, सकाळी ९.४४

वरची दोन उदाहरणं एकमेकांशेजारी ठेवून वाचा. लिहिणारी ७८, न लिहिणारा १२.

---

शेवटचा_बाक | मंगळवार, दुपारी १.१५

मी संख्याशास्त्र शिकवतो. 'साधन ९५ टक्के अचूक आहे' असं कोणी म्हटलं की मी कागद-पेन्सिल काढतो. समितीसमोर तुम्हीही काढा.

समजा एक हजार प्रकल्प आले. त्यातले शंभर खरोखर यंत्राने लिहिलेले आणि नऊशे मुलांनी स्वतः लिहिलेले. साधन यंत्राचे शंभरपैकी ८० पकडतं आणि प्रामाणिक मुलांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून बोट ठेवतं. ऐकायला छान वाटतं. आता मोजा. पकडलेले खरे ८०. नऊशेचे ५ टक्के म्हणजे ४५. एकूण लाल शेरा १२५ जणांना, आणि त्यातले ४५ निर्दोष. तिघांमागे एकाहून जास्त.

आता समजा, मुलं प्रामाणिक आहेत आणि हजारांत दहाच जणांनी यंत्र वापरलंय. मग खरे पकडले जातील ८ आणि निर्दोष अडकतील जवळजवळ ५०. साधन तेच, अचूकताही तीच. वर्ग जितका प्रामाणिक, तितकं लाल शेऱ्यात निर्दोषांचं प्रमाण जास्त. हे गणित बारावीच्या मुलालाही येतं, पण अहवालाच्या पहिल्या पानावर कधी छापत नाहीत.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हाच हिशेब मांडला होता. टर्निटिन या वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या एआय-तपासणीत चुकीचा ठपका एक टक्क्याहून कमी असल्याचा दावा केला होता. व्हँडरबिल्टने २०२२ मध्ये त्या प्रणालीत ७५,००० निबंध टाकले होते. एक टक्का धरला तरी ७५० मुलांवर खोटा ठपका. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी एआय ओळखण्याची सोय बंद करून टाकली.

---

भरतीओहोटी | मंगळवार, दुपारी १.४०

शेवटचा_बाक, +१. यात एक भर घालतो, कारण तिचं वजन समितीवर जास्त पडेल. ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं, त्या ओपनएआयने स्वतःच ३१ जानेवारी २०२३ ला एक ओळखयंत्र आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत त्याने यंत्राच्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखला, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर चुकून यंत्राचा शिक्का मारला. जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी असल्याचं सांगून त्यांनी ते मागे घेतलं. सहा महिनेही टिकलं नाही.

त्याच वर्षी युरोपातल्या संशोधकांच्या एका गटाने चौदा साधनं तपासली, टर्निटिनही त्यात होतं. एकाचीही अचूकता ८० टक्क्यांपर्यंत पोचली नाही.

---

अण्णा_निवृत्त | मंगळवार, दुपारी ४.३०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. मला एक समजावून सांगा. मुलीने व्याकरण बिघडवलं की टक्का उतरला, हे कसं?

---

भरतीओहोटी | मंगळवार, दुपारी ४.५२

अण्णा, शुद्ध वाक्यात पुढचा शब्द अपेक्षित असतो. चूक झाली की यंत्र दचकतं. 'दे हॅव' ऐवजी 'दे हॅज' आलं की यंत्राच्या लेखी ते अनपेक्षित, म्हणजे माणसाचं.

---

अण्णा_निवृत्त | मंगळवार, सायंकाळी ५.१०

छत्तीस वर्षं मुलांच्या चुका दुरुस्त केल्या. मला हे सहन होत नाही.

---

शांत_नदी | मंगळवार, रात्री ११.५५ (इथे अजून संध्याकाळ)

धागा वाचून हात थरथरले, कारण हे माझ्या बाबतीत घडलं आहे.

मी लातूर जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकले. इंग्रजी पाचवीनंतर, व्याकरणाच्या पुस्तकातून. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करत होते. एका निबंधावर एआयचा ठपका आला आणि चौकशीचं पत्र मिळालं. पत्रात फक्त टक्का होता. कुठलं वाक्य, कशावरून, काहीच नाही. एजुकेशन लोन डोक्यावर, व्हिसा विद्यापीठाच्या नावावर. आईला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. 'वेळ आहे का' एवढंच विचारून फोन ठेवला.

मी वाचले ते तीन गोष्टींमुळे. निबंध गूगल डॉक्समध्ये लिहिला होता, त्यात रोजचा फेरबदलाचा इतिहास निघाला. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या पानांचे फोटो फोनमध्ये तारखेसकट होते. आणि चौकशी घेणाऱ्या प्राध्यापकांनी मला वीस मिनिटं विषयावर बोलू दिलं. पाचव्याच मिनिटाला त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्या दिवसांत मी या विषयावर मिळेल ते वाचत होते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्येच एक अभ्यास केला होता. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंधांवर यंत्राचा शिक्का बसला. १८ निबंध तर सातही साधनांनी एकमताने दोषी ठरवले. किमान एका साधनाने बोट ठेवलेले निबंध ९१ पैकी ८९. आणि अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध त्याच साधनांनी जवळजवळ बिनचूक माणसांचे म्हणून ओळखले.

कारण भरतीओहोटींनी सांगितलंय तेच. आपल्याजवळ इंग्रजी शब्द मोजके, वाक्यं पाठ केलेल्या घडणीची. आपण सुरक्षित लिहितो. चुकायची भीती असते ना.

खरी कळ पुढे आहे. त्याच संशोधकांनी ते ९१ निबंध चॅटजीपीटीला दिले आणि सांगितलं, मातृभाषिकासारखी भारदस्त शब्दयोजना कर. पुन्हा तपासलं, तर शिक्का बसणाऱ्यांचं प्रमाण ६१ वरून १२ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे स्वतः लिहिलं तर यंत्र, आणि यंत्राकडून लिहून घेतलं तर माणूस.

रानजाई, तुमच्या मुलीला माझा निरोप द्या. म्हणावं, वाक्यं मोडू नकोस.

---

खडीसाखर | बुधवार, सकाळी ६.४८

नदी, आईला नंतर सांगितलंत का?

---

शांत_नदी | बुधवार, दुपारी २.०५

निकाल लागल्यावर. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं, तू जेवलीस का विचारलं तर उत्तर दिलं नाहीस."

---

कायदेकानू | बुधवार, दुपारी ३.३०

वकिली करतो, विद्यापीठांची प्रकरणं हाताशी असतात. समितीच्या 'दहाच्या आत' या आग्रहाबद्दल बोलतो, कारण सगळा घोळ तिथे आहे.

हा दहाचा आकडा यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमावलीतून उचललेला आहे. त्यात साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० ला एक वर्ष सादर करायला बंदी. ६० च्या वर नोंदणी रद्द. हे सगळं 'साम्या'बद्दल आहे, दुसऱ्याच्या छापील मजकुराशी जुळणाऱ्या शब्दांबद्दल. त्यातही ओळखीच्या, सर्वसामान्य शब्दरचनांना सलग चौदा शब्दांपर्यंत सूट आहे. एआयचा टक्का या पायऱ्यांत बसतच नाही. ही नियमावली आली तेव्हा चॅटजीपीटीच नव्हतं.

फरक नुसता नियमाचा नाही, पुराव्याचा आहे. साम्याच्या अहवालात डावीकडे तुमचं वाक्य आणि उजवीकडे मूळ लेखातलं वाक्य असतं. कोणीही ताडून पाहू शकतो. आरोपीला उत्तर देता येतं. एआयच्या अहवालात उजवीकडे काहीच नसतं. ज्याचं मूळ दाखवता येत नाही, त्या आरोपाला उत्तर कसं द्यायचं?

शिवाय टर्निटिनचंच पाहा. २० टक्क्यांच्या खालचा एआयचा आकडा ती कंपनी स्वतःच दाखवत नाही, तिथे चांदणीचं चिन्ह येतं, कारण त्या पट्ट्यात चुकीच्या ठपक्याची शक्यता जास्त. तुमच्या कॉलेजचं सॉफ्टवेअर दुसरं असेल, पण जिथे बनवणारा विसाच्या खाली आकडा सांगायला धजत नाही, तिथे समिती दहाची रेघ कशाच्या जोरावर मारते, हे लेखी विचारा.

न्यायालयाचा निवाडा असेल का, असं कोणी विचारेल म्हणून आधीच सांगतो. २०२४ मध्ये हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठाच्या एलएल.एम.च्या विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका ८८ टक्के एआय असल्याचं सांगून नापास केलं होतं. तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेला. प्रकरण चालू असताना विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केलं आणि याचिका निकाली निघाली. त्यामुळे टक्क्याला पुरावा मानायचं की नाही, यावर त्यात निर्णय झालाच नाही.

---

ढगफुटी | बुधवार, रात्री ९.१५

रच्याकने, हे फक्त विद्यार्थ्यांचं दुखणं नाही. मी पुण्यात राहून कंपन्यांसाठी इंग्रजी मजकूर लिहितो, शब्दामागे पैसे. गेल्या दिवाळीआधी एका ग्राहकाने चार लेख परत पाठवले, 'एआय ६०% च्या वर' म्हणून. महिनाभराचं काम होतं. मी माझा २०१९ चा जुना लेख त्याच साधनात टाकून दाखवला, त्यालाही ५४ आले. तो म्हणाला, आमचं धोरण आहे. पैसे आले नाहीत. आता प्रत्येक लेख लिहिताना मी स्क्रीनचं चित्रीकरण करून ठेवतो. लिहिताना मागे कॅमेरा चालू आहे हे माहीत असलं की पहिलं वाक्य सुचायला तासभर लागतो.

---

कंदील | गुरुवार, सकाळी १०.२०

मराठीचं काय, हा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहिते. आम्ही चौघी मिळून एक छोटा दिवाळी अंक काढतो. दोन वर्षांपासून कथांचा पूर आलाय. सगळ्या कथांत म्हातारा वडाच्या झाडाखाली बसतो आणि शेवटी 'डोळ्यांत अश्रू, पण ओठांवर हसू'. अमेरिकेतल्या क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या मासिकाला फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्रलिखित कथांच्या माऱ्यामुळे साहित्य स्वीकारणंच काही काळ बंद करावं लागलं होतं. त्यांचं दुःख आता आमच्या दारात आलंय.

म्हणून मीही मोहात पडून एका फुकटच्या साधनात मराठी मजकूर टाकून पाहिला. साताऱ्याच्या एका आजींची कविता, वय ८१, पोस्टाने आलेली, शाईच्या पेनाने लिहिलेली. ती मी स्वतः टाइप केली होती. उत्तर आलं ९४ टक्के एआय. मग यंत्राकडूनच एक कथा लिहून घेतली आणि टाकली. २१ टक्के.

---

भरतीओहोटी | गुरुवार, सकाळी ११.०२

कंदील, ही साधनं प्रामुख्याने इंग्रजीवर पोसलेली आहेत. टर्निटिनची एआय-तपासणी इंग्रजीत सुरू झाली, मग स्पॅनिश आणि जपानी आलं. मराठी नाही. पण बरीच फुकटची साधनं 'ही भाषा मला येत नाही' असं म्हणतच नाहीत. देवनागरी दिली तरी मुकाट्याने आकडा फेकतात. मॉडेलने मराठी कमी वाचलंय, शिवाय आपले जोडाक्षर-प्रत्ययांचे शब्द त्याच्याकडे तुकड्यातुकड्यांनी जातात. 'शाळेतल्यांनासुद्धा' या एका शब्दाचे कितीतरी तुकडे पडतात, आणि एका शब्दाचा पहिला तुकडा आला की उरलेले आपोआप अपेक्षित होतात. अशा वेळी आकड्याला अर्थ उरत नाही.

---

अण्णा_निवृत्त | गुरुवार, सकाळी ११.४०

तरी यंत्राचं मराठी मला वाचताक्षणी कळतं. 'द्वारे', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते', 'केवळ हे नसून ते', 'केले जाऊ शकते'.

---

गोंयकार_माड | गुरुवार, दुपारी १२.०५

अण्णा, हे सगळे शब्द आमच्या पणजीच्या कचेरीत येणाऱ्या परिपत्रकांत वीस वर्षांपूर्वीपासून आहेत. इंग्रजीवरून भाषांतर केलेलं. ते लिहिणारे कारकून मी ओळखतो, हाडामांसाची माणसं आहेत.

---

अण्णा_निवृत्त | गुरुवार, दुपारी १२.३०

खरं आहे तुमचं. परिपत्रकं मीही काढली आहेत, 'द्वारे' घालूनच. मागे घेतो.

---

कंदील | गुरुवार, दुपारी १.१०

पण अण्णांचं पूर्ण मागे घेऊ नका. एका शब्दावरून कळत नाही, पण पूर्ण कथा वाचून कळतं. यंत्राच्या कथेत गावाला नाव असतं, पण रस्ता कुठून वळतो ते नसतं. भाकरी असते, पण कुठल्या धान्याची ते नसतं. आम्ही आता संशय आला की लेखकाला फोन करतो आणि कथेबद्दल गप्पा मारतो. आरोप करत नाही. ज्याने लिहिलंय तो थांबत नाही. तासभर बोलतो.

---

शेवटचा_बाक | गुरुवार, दुपारी ३.००

कंदील यांच्या म्हणण्याला आधार आहे. २०२५ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी ३०० इंग्रजी लेख माणसांकडून तपासून घेतले. लिखाणासाठी चॅटजीपीटीसारखी यंत्रं वारंवार वापरणारे पाच जाणकार. त्यांच्या बहुमताचा निवाडा ३०० पैकी फक्त एका लेखाबाबत चुकला. जे ही यंत्रं फारशी वापरत नाहीत, त्यांना मात्र काही ओळखता येत नव्हतं.

आणि पाटीपेन्सिल यांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. आज २०२३ ची साधनं नाहीत. काही नवी साधनं बरीच सुधारली आहेत आणि चुकीचे ठपके कमी करण्यावर त्यांनी मेहनत घेतली आहे. सगळ्यांना एका काठीने हाकणं बरोबर नाही. पण सुधारलेलं साधन कुठे नजर टाकावी हे सांगेल. सही अडवायचा अधिकार त्याला देता येत नाही. माझं गणित तिथे लागूच राहतं.

---

पाटीपेन्सिल | गुरुवार, रात्री ९.३५

शेवटचा_बाक, हे मान्य. दोन दिवस विचार करत होते. त्या अकरा वह्यांच्या मुलांना आज परत बोलावलं. कोणी कॉपी केली हे विचारलं नाही. म्हटलं, मला तुमच्या बैलाचं नाव सांगा, आणि शिंगांना कुठला रंग दिला ते सांगा. अर्ध्या तासात वर्गात एवढा गलका झाला की शेजारच्या मॅडम बघायला आल्या. उद्या तेच वर्गात बसून लिहायचंय, माझ्यासमोर. पानभर पुरे.

हे तीस मुलांत जमतं. सत्तरच्या तुकडीत कसं जमवायचं, ते मला अजून कळलेलं नाही, आणि याचं उत्तर कोणाकडे असेल तर मला खरंच हवंय.

---

नवखा_२२ | शुक्रवार, सकाळी ८.१५

एआय कंपन्यांनीच मजकुरात छुपी खूण ठेवली तर प्रश्न सुटणार नाही का?

---

भरतीओहोटी | शुक्रवार, सकाळी ९.००

प्रयत्न झालेत. मेरीलँडच्याच संशोधकांनी २०२३ मध्ये पद्धत मांडली होती: प्रत्येक टप्प्यावर शब्दसंग्रहातले काही शब्द 'हिरवे' ठरवायचे आणि यंत्राला त्यांच्याकडे हळूच झुकवायचं. वाचणाऱ्याला कळत नाही, मोजणाऱ्याला कळतं. गूगल डीपमाइंडने अशीच पद्धत सिंथआयडी नावाने आणली, २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये त्याचा निबंध आला. पण खूण ज्या यंत्राने ठेवली त्याचाच मजकूर ओळखता येतो. दुसऱ्या यंत्राने लिहिलं, किंवा भाषांतर करून फिरवलं, की खूण पुसट होत जाते.

---

रानजाई | सोमवार, रात्री ९.२०

मंडळी, आज समिती झाली. आधी तुम्हा सगळ्यांना नमस्कार. शेवटचा_बाक यांचा हिशेब मी फळ्यावर लिहिला. कायदेकानूंनी सांगितल्याप्रमाणे दहाची रेघ कशावर आधारित आहे, हे लेखी विचारलं. शांत_नदींचा प्रतिसाद नाव न घेता वाचून दाखवला. समितीतल्या बाहेरच्या मॅडम तो ऐकताना खिडकीकडे बघत होत्या.

मग मी विनंती केली की टक्का बाजूला ठेवून मुलीला प्रश्न विचारा, हवे तितके.

सरांनी थेट कोष्टक क्रमांक नऊवर बोट ठेवलं. जूनमध्ये हप्ते थकलेल्या बायका जास्त का? मुलगी इंग्रजीत सुरू झाली, अडखळली आणि मग सरांना विचारून मराठीत बोलू लागली. म्हणाली, उन्हाळ्यात हिरवा चारा नाही, दूध अर्ध्यावर येतं. त्यात जूनमध्ये पेरणीचं बी-बियाणं आणि पोरांच्या वह्या-दप्तरं एकदम येतात. गटाचा हप्ता मात्र दरमहा सारखाच. म्हणून तिने शिफारशीत लिहिलंय की जूनचा हप्ता निम्मा करून उरलेला दिवाळीपर्यंत वाटून द्यावा. सरांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? ती म्हणाली, "पुस्तकात नाही सर, प्रश्नावली क्रमांक एकतीसच्या मावशींनी सांगितलं. त्यांची म्हैस चंद्री, मार्चमध्ये आटली."

सर हसले. पहिल्यांदाच हसले. मग त्यांनी एकतीस नंबरची प्रश्नावली मागवली. ओल्या बोटांचा ठसा असलेली तीच निघाली.

सही झाली. शेरा असा: 'एआय टक्केवारी नोंदवली. तोंडी परीक्षा व मूळ कच्चे लेखन पाहून प्रकल्प स्वीकारला.' मोडलेली वाक्यं परत नीट करायला तिला दोन दिवस दिलेत.

पण दहाची रेघ अजून तशीच आहे. माझ्या विभागाचे अजून तेवीस प्रकल्प रांगेत आहेत, त्यातल्या नऊ जणांना पन्नासच्या वर आलेत. त्या नऊ जणांची तोंडी परीक्षा आधी घ्यावी, असा अर्ज मी आज दिलाय. कायदेकानू, त्या अर्जाचा मसुदा तुम्हाला संदेशातून पाठवते, एकदा नजर टाकाल का?

---

कायदेकानू | सोमवार, रात्री ९.४१

पाठवा. रात्रीच बघतो. नऊही जणांना कच्च्या वह्या, प्रश्नावल्या, फोनमधले फोटो आजच एका पिशवीत गोळा करायला सांगा. आणि सेंटरवाल्याकडून टाइप केलेल्या फायलींच्या तारखा मागून घ्या. दर महिन्याला तो जुन्या फायली पुसत असेल तर हे उद्याच करा.

---

शांत_नदी | सोमवार, रात्री १०.०३

चंद्रीला आता दूध आहे का?

---

रानजाई | सोमवार, रात्री १०.१०

मुलीला विचारलं. ऑगस्टमध्ये व्याली. रेडी झाली.